यशवंत घाडगे : टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेला कोकणचा वीर

रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीच्या रणभूमीवर वीरमरण आले. त्यावेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धातील असामान्य पराक्रमाबद्दल त्यांना ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च लष्करी सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर जाहीर झाला.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख भातशेतीचा. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, त्यामुळे घरटी एखाद्या तरुणाने मुंबईची गिरणी किंवा पलटण जवळ करावी, ही कोकणातील आणि घाटावरील अनेक कुटुंबांची रीतच होती. घाडगे यांनी पलटणीचा मार्ग धरला आणि ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले. युद्धाच्या काळात बढती मिळून ते नाईक झाले. दहाएक जवानांच्या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या या हुद्द्याचे नाव मराठी माणसाला मुद्दाम समजावून सांगावे लागत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा १७६८ पासूनची. बेळगाव, म्हणजे आजचे बेळगावी, येथे या रेजिमेंटचे केंद्र आहे. घाडगे यांच्या तिसऱ्या बटालियनने १९४१ मध्ये आफ्रिकेतील एरिट्रियात केरेन येथील डोंगरी लढाईत मोठा लौकिक मिळवला होता. तेथे तिचा सामना इटलीच्या फौजेशी होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि चित्र पालटले. जर्मनीने त्या देशाचा मोठा भाग आपल्या ताब्यात घेतला. केरेनच्या कड्यांवर इटालियन सैन्याशी झुंजलेली हीच पलटण आता इटलीच्या भूमीवर जर्मन फौजांविरुद्ध उभी ठाकली.

१९४४ च्या वसंत ऋतूत दहावी भारतीय डिव्हिजन इटलीत उतरली. तिसरी बटालियन तिचा भाग होती. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल डेनिस रीड यांनी केरेनच्या लढाईत याच बटालियनचे नेतृत्व केले होते. मराठा जवान डोंगरात काय करू शकतात, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले, पण ते पळत नव्हते. पिसा ते रिमिनी या टापूत उभारल्या जात असलेल्या गॉथिक लाइन या संरक्षणफळीसाठी त्यांना वेळ हवा होता. म्हणून प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर ते थोडा काळ तग धरत. पूल उडवून द्यायचे, वाटांवर सुरुंग पेरायचे आणि उंचावर मशीनगनची ठाणी रोवून चढून येणाऱ्यांना टिपायचे, अशी त्यांची पद्धत होती. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात उंबर्टिडे, मोंटोने आणि चित्ता दि कास्तेल्लो या गावांच्या परिसरात जुलै महिनाभर अशाच लढाया झाल्या. नकाशावर त्या दिसतही नाहीत. सेनापतीच्या योजनेपेक्षा चढावर सर्वांत पुढे असलेल्या तुकडीच्या नाईकावरच त्यांचा निकाल अवलंबून असे.

१० जुलै रोजी मराठा बटालियनच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा भडिमार झाला. काही क्षणांत तुकडीतील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे.

अशा वेळी माघारी फिरणे किंवा आडोशाला थांबून कुमक येण्याची वाट पाहणे हे लष्करी दृष्टीनेही गैर ठरले नसते. आपल्या पाठीशी आता कोणीही उरलेले नाही, हे ठाऊक असूनही घाडगे मशीनगनच्या दिशेने धावले. त्यांनी प्रथम हातबॉम्ब फेकला. त्यात मशीनगन निकामी झाली आणि ती चालवणारा सैनिक ठार झाला. दुसऱ्या एकाला त्यांनी टॉमी गनने टिपले. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवण्याइतकी उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी सुमारे पाच किलो वजनाची ती बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले, परंतु दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. त्या दिवसांत पळसगावच्या खाचरांत भाताची लावणी चालू असावी.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमध्ये हा सन्मान प्रसिद्ध झाला. पदक स्वीकारण्यास घाडगे स्वतः नव्हते. गावी त्यांची तरुण पत्नी होती. त्या मानपत्रात तुकडीतील इतर कोणाचेही नाव नाही. ज्यांच्या पडण्यामुळे घाडगे एकटे उरले, ते जवान केवळ ठार व जखमी या दोन शब्दांत सामावले आहेत.

इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. त्यांपैकी सहा भारतीय सेनेतील जवानांना मिळाले आणि त्या सहांत दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. दुसरे नामदेव जाधव. त्यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीच्या काठी हा मान मिळवला. जाधव सुखरूप परतले, घाडगे यांना ते भाग्य लाभले नाही. त्यांची स्वतंत्र कबरही नाही. ज्यांच्या दफनस्थळाचा ठाव नाही अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव तेथे आहे.

या पराक्रमाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर अवघड होता. १९४२ च्या चले जाव आंदोलनाने देश ढवळून निघाला असताना, राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना हे तरुण परक्या सत्तेच्या निशाणाखाली लढत होते. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही आणि ब्रिटिशांच्या युद्धकथांतही ते बहुधा तळटीपेपुरते राहिले. परंतु पलटणीत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला साम्राज्याचे राजकारण ठरवता येत नव्हते. त्याची निष्ठा शेजारच्या जवानाशी आणि पलटणीच्या अब्रूशी होती. हे ध्यानात घेतले नाही, तर टायबरच्या खोऱ्यात जे घडले ते नीट उमगत नाही. शिवाय ज्या नाझी राजवटीविरुद्ध ते लढले, तिच्या पराभवाचे मोल भारतासाठीही काही कमी नव्हते.

माणगावने मात्र आपल्या वीराला विसरू दिले नाही. तेथे तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांची बटालियन पुढे छत्रीधारी सैनिकांची झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून नव्या नावाने उभी राहिली.

इटलीतही जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील मोंटोने येथे स्थानिक नगरपालिका आणि इटालियन लष्करी इतिहासकारांच्या पुढाकाराने घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारण्यात आले. भारताच्या तत्कालीन राजदूत नीना मल्होत्रा अनावरणास उपस्थित होत्या. भारत सरकारने त्यावेळी दिलेल्या माहितीनुसार, इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक सहभागी झाले आणि त्यांपैकी ५,७८२ जणांनी प्राण गमावले. मोंटोनेचे हे स्मारक पुतळ्याच्या रूपात नाही. ती एक सूर्यघडी आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यासाठी निवडण्यात आले आहे.