उंदराच्या दुधातले कोडे

पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समरथ यांनी डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शिकलेली त्यांची मुलगी मात्र दवाखान्याऐवजी प्रयोगशाळेत रमली. १९३९ मध्ये लग्न झाले आणि त्या कमल रणदिवे झाल्या. मुंबईत विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विषय होता उंदरांच्या चार वाणांतील स्तनग्रंथी.

काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होई, तर काहींना क्वचितच. असे का? १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी रोगी वाणाची पिले निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली आणि त्या पिलांतला कर्करोग घटला. म्हणजे रोगाचे काहीतरी दुधातून येत होते. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू होता. आज तो रेट्रोव्हायरस म्हणून ओळखला जातो. एचआयव्ही याच कुळातला.

या कुळाची एक खोड वेगळी आहे. प्रत्येक विषाणूकणात आरएनएच्या एकसारख्या दोन प्रती असतात. दोन्हींच्या टोकाजवळ एक वळसा असतो. त्यातली अक्षरे अशी असतात, की एका प्रतीचा वळसा दुसरीच्या वळशात कडीत कडी अडकावी तसा अडकतो. एचआयव्हीत ही कडी अवघ्या सहा अक्षरांची आहे. पेशीत स्वतःचे आरएनए भरपूर असते. त्या गर्दीतून विषाणूचे गॅग नावाचे प्रथिन आपलीच जोडी नेमकी कशी उचलते? मोंढ्यात हमाल मार्का पाहून पोते उचलतो, तसे गॅग त्या टोकाजवळची खूण ओळखते आणि जोडी कणात भरते. एक प्रत तुटली तरी दुसरी कामी येते. दोन प्रती वेगळ्या असतील, तर त्यांची सरमिसळ होऊन नवा प्रकार तयार होतो. औषधांना दाद न देणारा एचआयव्ही पसरण्यास ही सरमिसळही हातभार लावू शकते.

हे सारे तपशील पुढच्या काळात उलगडले. रणदिवे यांच्यापुढे होते ते उंदीर आणि सूक्ष्मदर्शक. बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे त्या पेशी काचपात्रात वाढवायला शिकल्या आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तिघे मिळून उंदरात कर्करोग घडवतात, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचे नाव घेतले जाते. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

उंदरात घडते ते माणसात घडते का? १९७१ मध्ये मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाचीही तपासणी प्रसिद्ध झाली. पण आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग पसरतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. घरात कुणाला हा आजार झाला म्हणून बाळाचे दूध तोडू नये. एचआयव्ही मात्र दुधातून जाऊ शकतो. आईने एआरटी गोळ्या न चुकता घेतल्या, तर हा धोका फार कमी होतो. अशा आईने बाळाला काय पाजावे, हे एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शेजारणीच्या सल्ल्याने नको.

निवृत्तीनंतर रणदिवे अहमदनगर जिल्ह्यातल्या राजूर भागात गेल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करू लागल्या. उंदरांच्या पिलांपासून सुरू झालेले त्यांचे काम माणसांच्या लेकरांपर्यंत पोहोचले होते. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.