विश्लेषण : थंड पाण्यात उतरताना सूट अंगाबरोबरच का हवा? बर्फात बसून उत्तर शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील गारठ्याच्या बातम्यांत गोंदियाचे नाव हमखास असते. पारा १० अंशांखाली जातो, सकाळी तलावांवर धुके साचते. याच दिवसांत नवेगावबांध, इटियाडोह किंवा वैनगंगेच्या पात्रात कोणी बुडाले, तर शोधासाठी पाणबुड्यांना खाली जावे लागते. दुपारी ऊन पडले तरी खोलवरचे पाणी लगेच तापत नाही. अशा वेळी पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरइतकाच अंगातला सूटही महत्त्वाचा ठरतो. तो किती जाड असावा, किती घट्ट असावा? हे समजून घ्यायला जे. बी. एस. हाल्डेन यांच्या आयुष्याची मदत होते.

कोण होते हाल्डेन?

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. जगाला ते माहीत आहेत आनुवंशिकता आणि उत्क्रांतीला गणिताची जोड देणारे शास्त्रज्ञ म्हणून. मात्र, पाण्याखाली माणसाच्या शरीराचे काय होते, या प्रश्नाशी त्यांचे नाते लहानपणीच जुळले. त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचा अभ्यास करणारे नामांकित शास्त्रज्ञ. खोल पाण्यातून झटकन वर आल्यास पाणबुड्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे तयार होतात आणि जीवावर बेतते. टप्प्याटप्प्याने वर यावे, हा उपाय वडिलांनी शोधला. त्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या डायव्ह कॉम्प्युटरची मुळे त्याच कामात आहेत.

तेराव्या वर्षी पाण्याखाली काय घडले?

१९०६ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश नौदलाच्या मदतीने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वडिलांच्या चाचण्या सुरू होत्या. १३ वर्षांचा जॅकही सोबत होता. त्यालाही सूट चढवून सुमारे ४० फूट खाली सोडण्यात आले.

तेव्हाचा सूट म्हणजे रबर लावलेले जाड कापड, डोक्यावर धातूचे शिरस्त्राण आणि वरून नळीतून येणारी हवा. आतले अंग कोरडे राहावे, अशी त्याची रचना. पण सूट मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मुलाच्या बारीक मनगटांवर बाह्या बसल्याच नाहीत आणि तिथून बर्फगार पाणी आत शिरू लागले. पाणी छातीच्याही वर चढले. मुलगा घाबरला नाही. हवेची झडप हाताळून त्याने पाणी तोंडापर्यंत येऊ दिले नाही. वर काढल्यावर मात्र तो थंडीने काकडत होता. त्याला अंथरुणात घालून ऊब द्यावी लागली.

सूट चांगला होता, फक्त त्याच्या मापाचा नव्हता. आज सूट विकत किंवा भाड्याने घेतानाही नेमकी हीच चूक होते.

‘थेटिस’ दुर्घटनेने काय बदलले?

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीदरम्यान लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. ९९ जणांचा मृत्यू झाला, केवळ चौघे वाचले. मृतांत गोदीतील कामगारही होते. कामगार संघटनांनी चौकशीत मदतीसाठी हाल्डेन यांना बोलावले.

हाल्डेन यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या चार साथीदारांसह स्वतःला एका बंद पोलादी कक्षात कोंडून घेतले. चौदा तासांहून अधिक काळ ते आत होते. कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसे डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या, श्वास जड झाला. अडकलेल्या माणसांचे काय झाले असेल, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर तपासले. त्यानंतर नौदलाने पाण्याखालील सुरक्षेचे संशोधन त्यांच्याकडे सोपवले.

बर्फात ३५ मिनिटे कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांना थंड समुद्रात काम करावे लागणार होते. म्हणून हाल्डेन आणि सहकाऱ्यांनी दाब, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थंडी यांचा एकत्र परिणाम तपासला. एका प्रयोगात हाल्डेन ३५ मिनिटे वितळत्या बर्फात राहिले. श्वासात ६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा होती. शेवटच्या टप्प्यात दाब नेहमीच्या दहापट करण्यात आला. ते बेशुद्ध पडले.

थंडी म्हणजे नुसती गैरसोय, हा समज अशा प्रयोगांनी मोडला. पाण्याखालच्या दुसऱ्या धोक्यांच्या जोडीने थंडी आली की माणूस भान हरपू शकतो. प्रयोगांची किंमतही मोठी होती. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेताना आलेल्या झटक्यांत हाल्डेन यांच्या मणक्याला इजा झाली आणि ते दुखणे कायम राहिले. या प्रयोगांत सहभागी असलेल्या हेलन स्पर्वे यांच्याशी त्यांनी १९४५ मध्ये विवाह केला.

वेटसूट कुठून आला?

तो हाल्डेन यांनी बनवला नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी त्याची कल्पना मांडली. ऊब टिकवायला अंग कोरडे असण्याची गरज नाही, हे त्यांनी ओळखले. निओप्रीन या फेसाळ रबरात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. ते शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने गरम होतो आणि सूट घट्ट असेल तर तिथेच राहतो. ब्रॅडनर यांनी त्याचे पेटंट घेतले नाही.

मग सूट निवडायचा कसा?

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता खेचते. म्हणून हे मुद्दे लक्षात ठेवा :

- माप आधी, जाडी नंतर : सूट ढिला असेल तर हालचालीबरोबर गरम झालेले पाणी बाहेर जाते आणि गार पाणी आत येते. मग ७ मिलिमीटरचा सूटही उपयोगाचा नाही. कंबरेमागे, काखेत, मानेशी आणि मनगटाशी पोकळी नको. मात्र, गळा आवळला जात असेल किंवा पूर्ण श्वास घेता येत नसेल तर तो सूट नको.
- पाण्याचे तापमान पाहा, हवेचे नाही : साधारण २४ अंशांवर ३ मिमी, १८ ते २४ अंशांत ५ मिमी, १० ते १८ अंशांत ७ मिमी आणि सोबत टोपी, हातमोजे, बूट. त्याहून थंड पाण्यात ड्रायसूट. मालवण-तारकर्लीच्या उबदार समुद्रात पुरेसा ठरणारा पातळ सूट हिवाळ्यातल्या खोल तलावात पुरेल असे नाही.
- खोली मोजा : १० मीटरवर दाब दुप्पट होतो. निओप्रीनमधील बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ होतो आणि ऊब घटते. म्हणजे जास्त ऊब हवी तिथेच ती कमी मिळते.
- वजन पुन्हा ठरवा : जाड सूट माणसाला वर ढकलतो, त्यामुळे कमरेला शिसे जास्त लागते. खाली गेल्यावर हा वर ढकलणारा जोर कमी होतो, हेही गृहीत धरावे.
- जुना सूट तपासा : वापरून चपटे, कडक झालेले निओप्रीन छापील जाडीइतकी ऊब देत नाही.
- कापरे भरले की वर या : बोटे बधिर झाली की झडपा आणि बकलही हाताळता येत नाहीत. वर येताना घाई नको, टप्पे पाळायचेच.

शोधकार्यात खाली गेलेला पाणबुड्या बहुतेकदा काम अर्धवट सोडायला तयार नसतो. काठावर नातेवाईक वाट पाहत असतात. म्हणूनच सूटचा निर्णय काठावरच नीट व्हायला हवा.

भारतातील अखेरची वर्षे

१९५७ मध्ये हाल्डेन पत्नीसह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. ते धोतर-कुर्त्यात वावरत. १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले आणि तिथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हयातभर स्वतःच्या शरीराला प्रयोगशाळा मानणाऱ्या हाल्डेन यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला.