ग्रंथांसाठी विटा वाहणारा यात्रेकरू



सुरतहून निघालेली गाडी अंकलेश्वर सोडून नर्मदेच्या पुलावर आली की डब्यातील वडीलधारी माणसे नदीला हात जोडतात. पलीकडे भरूच लागते. इ. स. ६४१ च्या सुमारास एक चिनी भिक्षू महाराष्ट्रातून निघून हीच नदी ओलांडून भरूचला आले होते. त्यांचे नाव युआन श्वांग. कोणी त्यांना ह्यूएनत्संग असेही म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्याविषयी दोन-चार ओळी असतात. त्यांचे संपूर्ण जीवन मात्र विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमधील लोयांग नगराजवळ झाला. थोरले बंधू लोयांगच्या एका बौद्ध विहारात भिक्षू होते. त्यांच्या मागोमाग युआन श्वांग लहान वयातच विहारात दाखल झाले. त्या काळी चीनमधील विहार हे पूजास्थान तर होतेच, शिवाय पाठशाळा आणि ग्रंथालयही होते. तेथे अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की चिनी भाषेतील धर्मग्रंथ अपुरे आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ ग्रंथ भारतात होते. तेव्हा भारतात जाऊनच शंका फेडायची, असे त्यांनी ठरवले.

देशाबाहेर जाण्यास राजाज्ञेने बंदी होती. तरीही इ. स. ६२९ च्या सुमारास ते गुपचूप निघाले. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. ते थोडे मागे वळले. पण भारतात पोहोचेपर्यंत पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, ही आपली प्रतिज्ञा त्यांना आठवली आणि ते पुन्हा पश्चिमेकडे चालू लागले. चार रात्री पाण्याविना काढल्यावर त्यांना पाणी मिळाले. पुढे एका राजाने त्यांना गुरू म्हणून आपल्याकडेच ठेवून घेण्याचा हट्ट धरला. त्यांनी तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा राजानेच माफी मागून पुढच्या प्रवासाची व्यवस्था करून दिली.

भारतात ते नालंदा विद्यापीठात वृद्ध आचार्य शीलभद्र यांचे शिष्य झाले. संस्कृतमध्ये त्यांनी एवढे प्रावीण्य मिळवले, की सम्राट हर्षवर्धनाने कनौजच्या विद्वत्सभेत त्यांचा मोठा सन्मान केला. महाराष्ट्रात त्यांनी पुलकेशीचे राज्य पाहिले. येथील लोक स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सहन करत नाहीत, अशी नोंद त्यांनी केली. डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराचे त्यांनी वर्णन केले आहे, तो अजिंठाच असे अभ्यासक मानतात. आपल्यापैकी अनेक कुटुंबे मूळची खानदेशातील आहेत, त्यांना तर अजिंठा घरचाच. भरूचला आल्यावर समुद्राचे पाणी आटवून मीठ करणारे आणि समुद्रावर पोट भरणारे लोक त्यांनी पाहिले, तेही लिहून ठेवले.

परतताना सिंधू नदीत होडी हेलकावली आणि सुमारे ५० पोथ्या वाहून गेल्या. त्यांनी तेथेच मुक्काम करून माणसे पाठवली व हरवलेल्या ग्रंथांच्या नकला मिळवल्या. इ. स. ६४५ मध्ये ते राजधानी छांगआन येथे, म्हणजे आजच्या शीआन शहरात पोहोचले. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. सम्राटाने मोठे पद देऊ केले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले.

खरे काम आता सुरू झाले. आईच्या स्मरणार्थ युवराजाने इ. स. ६४८ मध्ये बांधलेल्या 'त्स-अन' या विहारात ते भाषांतरास बसले. ग्रंथ जळू नयेत, हरवू नयेत म्हणून दगडी मनोरा बांधावा, अशी विनंती त्यांनी केली. खर्च फार म्हणून दगडाऐवजी विटांचा मनोरा मंजूर झाला. इ. स. ६५२ मध्ये बांधकाम सुरू झाले तेव्हा पन्नाशीच्या या आचार्यांनी स्वतः टोपलीतून विटा वाहिल्या. पुढे मनोऱ्याची पुनर्बांधणी झाली. आज सात मजल्यांचा, सुमारे ६४ मीटर उंचीचा हा पॅगोडा शीआनमध्ये उभा आहे. २०१४ मध्ये रेशीम मार्गावरील इतर स्थळांबरोबर तो जागतिक वारशात समाविष्ट झाला.

त्यांनी १९ वर्षांत ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. त्यांचे भाग भरतात १,३३५! प्रज्ञापारमितेचा महाग्रंथ संक्षिप्त करावा, असे शिष्यांनी सुचवले होते. त्यांनी एकही भाग न गाळता ६०० भाग पूर्ण केले. इ. स. ६६४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. शीआनजवळच्या शिंगच्याओ विहारात त्यांचा समाधिस्तूप आहे. त्याच्या शेजारी दोन शिष्यांचे स्तूप आहेत. त्यातील एक शिष्य कोरियाचे होते. १९५७ मध्ये त्यांच्या अस्थींचा अंश भारतात आला.

आपल्याकडे नालंदा जळाले आणि कित्येक संस्कृत पोथ्या नष्ट झाल्या. त्यांतील काही ग्रंथ आज केवळ चिनी भाषांतरातून ओळखता येतात. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी नालंदासारखी स्थळे शोधली, तीही युआन श्वांगांचे प्रवासवर्णन हाताशी धरून. आपला हरवलेला ठेवा दूरदेशीच्या विहारांनी सांभाळला, हे आपण विसरू नये.

काही पालक मला विचारतात, गुजरातेत राहून मुलांना मराठी शाळा कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी वाचनाची गोडी मला उशिरा लागली, त्याची रुखरुख आजही वाटते. युआन श्वांगांनी परक्या देशाची भाषा मनापासून आत्मसात केली, आणि तिच्यातील ज्ञान आपल्या भाषेत नेण्यासाठी उरलेले आयुष्य वेचले. आपली मुलेही उत्तम गुजराती शिकोत, हिंदी-इंग्रजी शिकोत, आणि ते धन मराठीत आणण्याची ताकदही त्यांच्यात राहो. त्यासाठीच ही शाळा आहे.

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा येताना शाळेच्या ग्रंथालयासाठी एक मराठी पुस्तक आणा. गुजराती पाठ्यपुस्तकातील आवडलेले एक पान मराठीत उतरवून मला दाखवा. प्रत्येकाने आपल्या वाटणीची एक वीट वाहिली तरी पुष्कळ आहे.

आपला,
मुख्याध्यापक