स्पेरांझाचे पूर्वज

कुलवृत्तांत लिहायला बसलं, की मूळपुरुष थोडा तरी थोर निघावा अशी इच्छा कुणाला होत नाही? ऑस्कर वाइल्डची आई जेन हिनं मात्र कमालच केली. आपलं माहेरचं एल्जी हे आडनाव मूळच्या एका इटालियन आडनावावरून आलं आणि त्याचं नातं थेट महाकवी दान्तेशी पोहोचतं, असं ती बिनदिक्कत सांगायची. तिनं स्वतःसाठी घेतलेलं ‘स्पेरांझा’ हे टोपणनावही इटालियनच. अर्थ, आशा.

प्रत्यक्षात एल्जी मंडळी इंग्लंडातल्या डरहॅमकडची, मजुरी करणारी. तिचे पणजोबा आयर्लंडातल्या डंडॉक गावी बांधकामाच्या धंद्यात चांगले सुस्थितीत आले. त्यांचा मुलगा, म्हणजे जेनचे आजोबा, वेक्सफर्डला वरच्या पदाचे धर्मगुरू झाले. एका पिढीत विटा-चुन्यातून चर्चच्या व्यासपीठापर्यंत! मला तर यात लपवण्यासारखं काहीच दिसत नाही.

तिचे वडील चार्ल्स एल्जी वकील होते. ते वारले १८२४ साली, आणि कुठं, तर आपल्या बंगळुरात. जेन तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. ती १८२१ची, पण वय चोरण्याची हौस दांडगी. तिचं जन्मवर्ष पुष्कळ काळ १८२६ असं छापलं जाई. हा हिशेब खरा धरला, तर बाप गेल्यावर दोन वर्षांनी लेक जन्मली म्हणायची!

घर प्रोटेस्टंट, इंग्रजांच्या राज्याशी निष्ठा बाळगणारं. त्याच घरातली ही मुलगी दुष्काळाच्या दिवसांत ‘नेशन’ या राष्ट्रवादी पत्रात जळजळीत कविता लिहू लागली. हे धाडस मात्र अस्सल, तिचं स्वतःचं होतं.

अस्सल नातंही एक होतंच. तिच्या मावशीचे यजमान चार्ल्स मॅच्युरिन हे ‘मेल्मॉथ द वाँडरर’ (१८२०) या गाजलेल्या भयकादंबरीचे लेखक. दान्तेपुढं त्यांची मातब्बरी ती काय!

फेब्रुवारी १८९६मध्ये जेन लंडनमध्ये वारली, अगदी ओढगस्तीत. थडग्यावर दगड बसवण्याइतकेही पैसे नव्हते. ऑस्कर तेव्हा रेडिंगच्या तुरुंगात होता. पुढच्या वर्षी तो सुटला, फ्रान्सला गेला. स्वतःचं नाव उच्चारण्याची सोय उरली नव्हती. नवं नाव त्यानं आईच्या माहेरच्या गोतातून उचललं. दान्तेचं नव्हे. सेबॅस्टियन मेल्मॉथ.