चांदण्याचा चित्रकार

१८८० सालचा शरद ऋतू. सेंट पीटर्सबर्गमधील एका प्रदर्शनगृहासमोर लोकांची रीघ लागली होती. आत मांडलेले चित्र मात्र एकच होते. खिडक्यांवर पडदे सोडून दालनात अंधार केला होता आणि दिव्याचा प्रकाश केवळ त्या चित्रावर पडत होता. ‘नीपर नदीवरील चांदणी रात्र’ पाहताना कॅनव्हासमागे दिवा दडवला असावा, अशी शंका अनेकांना आली. ही किमया आर्खिप कुइंजी यांच्या कुंचल्याची होती.

आजच्या युक्रेनमधील मारिउपोल येथे, ग्रीक वंशाच्या एका जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी १८४०च्या दशकारंभी कुइंजींचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पडेल ते काम करीत त्यांनी दिवस काढले. पुढे छायाचित्रांवर हात फिरवण्याचे कामही केले. कला अकादमीच्या प्रवेश परीक्षेतही त्यांना अपयश पचवावे लागले.

त्यांच्या चांदण्याचे रहस्य रंगांइतकेच रचनेत होते. या चित्राचा मोठा भाग आकाशाने व्यापला आहे. ढगांच्या फटीत चंद्र अगदी लहान. खाली काळोख्या काठांमधून हिरवट तेजाने उजळलेले नदीचे पात्र. एका झोपडीतील इवलासा तांबूस उजेड चांदण्याला अधिकच शीतल करतो. आजूबाजूचा हा विस्तीर्ण अंधार आहे, म्हणूनच चंद्र तेजाळतो आणि पाहणाऱ्याच्या मनात निःशब्द शांतता उतरते.

रशियन राजघराण्यातील कॉन्स्टंटिन यांनी हे चित्र विकत घेतले आणि सागरी सफरीवरही सोबत नेले. त्याला हानी पोहोचेल, या चिंतेने कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तो व्यर्थ गेला. खारी हवा आणि चित्रात वापरलेले डांबरयुक्त रंग यांमुळे ते पुढे काळवंडत गेले.

१८८२नंतर, ऐन कीर्तीच्या शिखरावर असताना, कुइंजींनी प्रदर्शनांकडे पाठ फिरवली. सुमारे वीस वर्षे ते आपल्या चित्रशाळेत एकांतात रंगवीत राहिले. १८९४ मध्ये ते अकादमीत प्राध्यापक झाले. परंतु १८९७ मध्ये आंदोलक विद्यार्थ्यांची बाजू घेतल्याने त्यांना पद गमवावे लागले. पुढे कुलूच्या खोऱ्यात स्थायिक होऊन हिमालय रंगवणारे निकोलस रोरिच हे त्यांचेच शिष्य. १९१० मध्ये कुइंजींचे निधन झाले, तेव्हा त्यांची संपत्ती त्यांच्याच नावाच्या कलावंत-संस्थेकडे गेली.

मारिउपोलमधील त्यांच्या नावाचे संग्रहालय २०२२ च्या युद्धात उद्ध्वस्त झाले. नीपरची ती रात्र मात्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. तिच्यातील अंधार आता मूळच्याहून गडद झाला आहे. तरीही चंद्र विझलेला नाही. कारण रंग काळवंडले, तरी छायाप्रकाशाची ती मांडणी अढळ राहिली.