एका पैची चूक

आमच्या नेरडीगोंड्याजवळील कुंताला धबधब्याचे पाणी कडेम नदीवाटे ज्या गोदावरीस मिळते, तिच्याच काठी दूर पश्चिमेस पैठण आहे. तेथील श्रीएकनाथ महाराज तरुणपणी देवगिरीस गुरू जनार्दनस्वामींचे हिशेब लिहीत. एका पैची चूक हुडकण्यासाठी त्यांनी रात्र जागविली व ती सापडताच टाळी वाजविली, अशी कथा आहे. ती बहुधा विनोदाने सांगतात. आम्हांस तीत नाथांच्या पुढील ग्रंथवाचनाचे बीज दिसते. ज्ञानेश्वरीस तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे लोटून नकलांत अपपाठ शिरले होते. प्रपंच सांभाळून नाथांनी प्रती ताडल्या, शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजाविले.