चवदार तळ्याचा दहा वर्षांचा दावा

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहेत. बॅरिस्टर म्हणून त्यांचे स्मरण क्वचितच होते. बडोद्याशी त्यांचा संबंध जुना. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले. १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा मात्र जातीमुळे त्यांस या शहरात राहावयास जागा मिळेना, हेही आपण जुन्या बडोदेकरांनी विसरू नये.

मी सध्या सुरतेस लिंबायतीत राहतो. येथे खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. १४ एप्रिलला महाडच्या सत्याग्रहाची गोष्ट निघते. त्यामागच्या दाव्याची मात्र निघत नाही. म्हणून ती येथे सांगतो.

१९२३ साली बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली. गोरगरिबांची कित्येक कामे त्यांनी फी न घेता चालविली. परंतु ज्या दाव्यात त्यांच्या कायदेज्ञानाची खरी कसोटी लागली, त्यात ते स्वतःच पहिले प्रतिवादी होते.

महाडचे तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब अनुयायांसह तेथील पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या लोकांस मारहाण झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच काही सवर्णांनी १२ तारखेस दावा लावला आणि १४ तारखेस कोर्टाचा मनाई हुकूम निघाला.

हजारो माणसे महाडास जमली होती. पाण्यास हात न लावता परत फिरा, असे त्यांस सांगणे सोपे नव्हते. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करविला. लोक मिरवणुकीने तळ्यास वळसा घालून परतले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, दावा मात्र चालूच राहिला. महाडच्या कोर्टात १९३१ साली व ठाण्याच्या अपिलात १९३३ साली वादी हरले.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी अखेरचा निकाल दिला. हे ब्रूमफील्ड सुरतकरांस अपरिचित नव्हेत. बार्डोली सत्याग्रहानंतर बार्डोली व चोऱ्यासी तालुक्यांच्या सारावाढीची चौकशी करणाऱ्या दोघांपैकी ते एक. अस्पृश्यांस मज्जाव करण्याची अनादि वहिवाट वादींस शाबीत करता आली नाही, म्हणून त्यांनी अपील फेटाळले.

निकाल इतकाच, आणि तेवढ्यातच त्याची मर्यादा दिसते. अशी वहिवाट मुळातच अन्यायाची आहे काय, हा प्रश्न कोर्टाने निकालात काढला नाही. त्याचे उत्तर १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या सतराव्या कलमाने दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब निवर्तले. हुकूम पाळून परत फिरलेल्या त्या हजारोंचा संयम आणि त्यांच्या बॅरिस्टराची चिकाटी, या दोहोंचे श्रेय त्या विजयात सारखेच आहे, असे मला वाटते.